कचऱ्याच्या पाळीवर लावलेली अमेरिका

जपानात ग्योतोकुला आमच्या इमारतीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार यावर कचऱ्याची पाळी लावली होती. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहितोय. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलेलं असलं की मला सरळ लिहिता येतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे शाळेला माझी गरज नव्हती आणि मला शाळेची.

थोरला मुलगा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ही गेल्यापासून दरवर्षी गणपती झाले की तो मला बोलावून घेतो, आणि व्हिसाचे तीन महिने संपले की मी परत कोकणात. आमच्या इमारतीत मराठी घरं चार, बाकी सगळे जपानी. प्रत्येक घरावर आठवडाभर कचऱ्याची पाळी येते. तिला इथे तोबान म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक प्लास्टिकची पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की आपण ती काढायची आणि शेजारच्याच्या मुठीला अडकवायची. काम काय, तर सकाळी कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून पिशव्यांवर जाळी ओढायची, चुकीच्या दिवशी कोणी बाटल्या ठेवल्या तर त्या बाजूला काढायच्या, आणि गाडी गेली की फरशी धुवायची. मी इथे असलो की आमच्या घरची पाळी मीच करतो. पोरगा म्हणायचा, बाबा, तुम्ही नका, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, बंदराच्या धक्क्यावर चाळीस वर्षं चहाचं हॉटेल चालवलंय, पहाटे उठून मोरी मीच घासायचो. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तळमजल्यावरची एक जपानी म्हातारी हातमोजे घालून जाळीचं दुसरं टोक धरायला येते. तिची पाळी असो नसो. ती वाकते, मी हात जोडतो, आणि कामाला लागतो. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. इमारतीत माझं सगळ्यात चांगलं तिच्याशीच जमतं.

आता धाकट्याचं सांगतो. धाकटा बोटीवर आहे, मालाच्या मोठ्या बोटीवर, इंजिनात. त्या वर्षी तांबड्या समुद्राच्या बाजूला लढाई चालू होती आणि तिथनं जाणाऱ्या बोटींवर मारा होत होता. काही बोटींना आगी लागल्या, काही माणसं गेली. बऱ्याच कंपन्या आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या. याची कंपनी घालत नव्हती. त्या पट्ट्यात जाणाऱ्याला पगार दुप्पट, आणि ज्याला जायचं नसेल त्याला आधीच्या बंदरात उतरून घरी जाता येतं. कप्तान प्रत्येकाला तसं विचारतो. याने आधी दोनदा हो म्हटलेलं होतं. दोन्ही वेळा मला परत आल्यावर कळवलं.

थोरल्याच्या फोनवर नकाशात त्याची बोट दिसते. एक हिरवा ठिपका. धोक्याच्या जागी बोटी आपला सिग्नल बंद करतात, मग ठिपका जातो. दुसऱ्या फेरीच्या वेळी नातीने मला तो नकाशा काढून दिला होता आणि ठिपका नव्हता, तो त्या पट्ट्यात आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ती आपली म्हणाली, दाइजोबू. म्हणजे काही होत नाही, ठीक आहे. तिला सगळंच दाइजोबू असतं. तिसरीत आहे.

हे असं घरात चाललेलं असताना दर शनिवारी आमच्याकडे मिसळ व्हायची आणि चारी घरं जमायची. सुनेच्या हाताला चव आहे, त्यामुळे लोक यायचे त्याचं मला काही नाही. पण त्या वर्षी मिसळीबरोबर अमेरिका असायची. कोण येणार. या राज्यात कोण पुढे, त्या राज्यात कोण मागे. ती दोन नावं मी इथे लिहीत नाही. त्यांनी माझ्या घरात पुष्कळ नासधूस केलीय, त्यांना आणखी जागा कशाला द्यायची.

सगळ्यात पुढे तिसऱ्या मजल्यावरचा पुणेकर. कावासाकीला नोकरीला, कानात कायम ती फोनची बोंडं, बोलताना एकच बोंड काढणार. त्याचं म्हणणं, लढाई चालू असताना लोक गादीवरच्या पक्षाला हलवत नाहीत. दुसरा कोणी म्हणायचा की लोकांना लढाईशी घेणं नाही, ते अंड्याचा भाव बघून मत देतात. मग वादावादी. लढाई पेटलेली राहिली तर कोणाचा फायदा, थांबली तर कोणाचा, कुठल्या महिन्यात थांबली तर कोणाचा. पाव बुडवत बुडवत लढाईचे महिने मोजायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. माझं पोरगं ज्या पाण्यातनं जातं ते पाणी यांच्या बोलण्यात कधी या पारड्यात, कधी त्या. कोणाला सुचलं नाही की या म्हाताऱ्याचा मुलगा तिथे आहे. आणि माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

पैज त्या पुणेकराच्याच डोक्यातली. पैसे नकोत, म्हणाला, ऑफिसला कळलं तर बरं दिसत नाही. ज्याचं भाकीत चुकेल त्याने ज्याचं बरोबर येईल त्याची कचऱ्याची पाळी करायची, वर्षभर. सगळे हसले. मी हसलो नाही. मी सकाळी जे काम करतो ते यांना शिक्षा म्हणून बरं सुचलं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही म्हणे गावाकडे इलेक्शन सांगायचात. आता सांगा की."

सांगायचो म्हणजे काय, चुकायचो नाही. एकदा चुकलो, तेव्हा दोन उमेदवार आदल्या दिवशी एक झाले. त्याला मी चूक धरत नाही. धक्क्यावरच्या हॉटेलात दोन्हीकडची पोरं यायची. हरणाऱ्याची पोरं फार बोलतात. आकडे सांगतात, हात आपटतात, चहा गार होतो तरी उठत नाहीत. जिंकणाऱ्याची पोरं उभ्याने पितात आणि जातात, त्यांना कामं असतात. सभेचंही तेच. पुढचे बघायचे नाहीत, मागचे बघायचे. सभा संपायच्या आधी मागची माणसं कशी निघतात त्यात सगळं असतं. तालुक्याचे पुढारी मला विचारायला हॉटेलात यायचे, आणि मी मान वर न करता सांगायचो.

तर मी म्हटलं, लावा त्यांच्या सभा, आवाज बंद करा. आवाजाचं मला काय काम, इंग्रजी कुठे येतं. थोरल्याने टीव्हीवर लावल्या. दोघांच्याही बघितल्या, मागची माणसं बघितली. सगळे गप्प बसले होते, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मग मी बोट दाखवून सांगितलं की हा येणार. तिथेच थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी म्हटलं, "हा आला की दुसऱ्या दिवसापासून लढाई बंद. लिहून घ्या."

हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या मनात तेच होतं म्हणून तोंडातनं आलं. आणि हवेतनं नाही काढलं. आमच्या गावात सरपंच बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी वेगळ्या वाडीत आधी जातं. गुलाल अंगावर असतो तेवढ्यात पाणी सोडणारा माणूस बदललेला असतो. आमदार बदलला त्या वर्षी तिसऱ्या दिवशी धक्क्याचा गाळ काढायला मशीन आलं. सत्ता म्हणजे मी हे बघितलेलं. आज गुलाल, उद्या पाणी.

पुणेकराने ते सगळं फोनवर काढलं होतं. त्याने इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, थोरल्याने हौसेने आमच्या घरच्या ग्रुपवर, तिथनं ते गावी धक्क्यावरच्या लोकांच्या ग्रुपवर गेलं, आणि गावाहून बोटीवर. आमच्या भागातली निम्मी पोरं बोटींवर आहेत. अमेरिकेचा माणूस यायच्या आधी मी सगळ्या समुद्रावर जाऊन आलो.

पुढच्या आठवड्यात सकाळी धाकट्याचा फोन आला. बोट सिंगापूरला उभी होती. कप्तानाने परत विचारलं होतं, कोण उतरणार. घरच्या गोष्टी बोलला, माझा गुडघा कसा आहे विचारलं, मग म्हणाला, "बाबा, मी थांबतोय बोटीवर. आम्ही तिकडे पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल. तुम्ही बोललात ना, बंद होणार म्हणून. इथे सगळ्यांना दाखवला तुमचा व्हिडिओ."

मी म्हटलं, जपून राहा. आणखी काय म्हणणार. माझाच शब्द होता.

त्या दिवशी प्लास्टिकचा वार होता. सून मोरीपाशी बाटल्या विसळून त्यांचे कागद काढत होती, मी पिशवी धरून उभा होतो. तिला मी धाकट्याचं सांगितलं. तिने बाटली खाली ठेवली.

"बाबा, निकाल लागला तरी नवा माणूस लगेच बसत नाही तिकडे. जानेवारीत बसतो, वीस तारखेला. मध्ये अडीच महिने जुनाच असतो."

मला वाटलं ही काहीतरी चुकतेय. मी परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं, हळू आवाजात.

"तुला माहीत होतं हे?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, बाबा."

मी पिशवी टाकली आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्टची वाट बघवली नाही. पुणेकर घरून काम करत होता. दार उघडलं आणि बोंड काढलं. मी विचारलं, तुमच्यात एवढे शिकलेले, मी दुसऱ्या दिवशी बंद म्हटलं तेव्हा एकाने तरी का नाही सांगितलं की दुसऱ्या दिवशी काही होतच नसतं?

"काका, ते बेसिक आहे," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं तुम्ही लवकरच या अर्थाने म्हणताय. आणि गंमत चालली होती. तुमचा मूड कशाला घालवायचा?"

मी त्याला म्हटलं, तुझी गंमत माझ्या पोराच्या बोटीवर पोचली. आणखीही बरंच म्हटलं. त्यातलं इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसची मीटिंग चालू होती असं मागाहून कळलं, कावासाकीच्या चार जपान्यांनी ते ऐकलं म्हणतात. ऐकू दे. माझ्या मूडची एवढी काळजी, की मला मूर्ख राहू दिलं. हा राग मला अजून गिळता येत नाही. मला माहीत नव्हतं याची लाज नाही, माझ्या गल्ल्यावर अमेरिका कधी आली नव्हती. पण खोलीभर माणसं ज्याला माहीत नाही त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवतात, याला काय म्हणायचं?

खाली येऊन धाकट्याला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं उतर. तो ऐकेना. त्यालाही जानेवारीचं माहीत होतं! म्हणाला, "ते ठाऊक आहे मला. पण निकाल लागला की मारा करणारे आपोआप थंड होतील असं इथे सगळे म्हणतायत. आणि बाबा, आता कसा उतरू? व्हिडिओ मीच दाखवत फिरलो. उतरलो तर धक्क्यावर म्हणतील, बापाच्या शब्दावर पोराचाच भरवसा नाही."

मी थोरल्याला म्हटलं, तू सांग त्याला. थोरला म्हणाला, तो तीस वर्षांचा आहे, त्याचं त्याला ठरवू दे. हे इथे राहून शिकला. ज्याचं त्याला ठरवू द्यायचं आणि आपण दार लावून घ्यायचं. मी त्याला विचारलं, ठिपका जातो तेव्हा तू का झोपत नाहीस मग? सून म्हणाली, बोट उद्यापर्यंत आहे सिंगापूरला.

तोवर माझा शब्द मी आयुष्यात मागे घेतलेला नव्हता. दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन मला खोटं पाडलं तेव्हासुद्धा मी म्हणालो होतो की भाकीत बरोबर होतं, माणसं खोटी निघाली. धक्क्यावर माझ्या हॉटेलाच्या नावाने मला कोणी ओळखत नाही, "बोलला तो" असं ओळखतात. धाकटा त्या नावाखातर बोटीवर बसून होता. त्याला हलवायचं तर ते नावच काढून घ्यायला पाहिजे, हे मला उभ्या उभ्या कळलं, आणि कळलं म्हणून राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी ओढून झाल्यावर मी पुणेकराला खाली बोलावलं. पहिला व्हिडिओ त्याने काढला होता, दुसराही त्यानेच काढायचा. तो आला, पायात सपाता, तोंड उतरलेलं. जपानी म्हातारी जाळीचं टोक धरून उभीच होती. तिला वाटलं फोटो काढतायत, ती बाजूला व्हायला लागली, मी तिला हाताने थांबवलं.

मी बोललो ते असं. "मी मागे जे बोललो ते फुकट होतं. अमेरिकेतलं मला काही कळत नाही. तिकडे निवडून आलेला माणूस कधी बसतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. माझ्या शब्दावर जो कोणी बोटीवर थांबला असेल त्याने खाली उतरावं. मी सांगतोय."

पुणेकर म्हणाला, "काका, आवाज थोडा थरथरला, परत घेऊ या का?"

"एकदाच," मी म्हटलं. "टाक."

टाकला. दुपारपर्यंत गावाहून फोन यायला लागले. जे पुढारी हॉटेलात विचारायला यायचे त्यांतला एक जण तर हसतच होता, म्हणाला, जपानला जाऊन नरम झालात. मी फोन ठेवला. दुपारनंतर धाकट्याचा निरोप आला, फोन नाही, नुसतं लिहिलेलं. उतरलो. तुम्ही हे करायला नको होतं.

तो सिंगापूरहून मुंबईला गेला. त्याच्या जागी दुसऱ्या राज्यातला एक पोरगा चढला. तो विशाखापट्टणचा, एवढंच मला कळलं.

निकाल आमच्याकडे बुधवारी दुपारी आला. तिकडे रात्र असते तेव्हा इथे दिवस. मी म्हटलं होतं तोच आला. मागची माणसं खोटं बोलत नाहीत, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो. संध्याकाळी चारी घरं आमच्याकडे जमली, मिठाई आणली, "काका, मानलं तुम्हाला" वगैरे. त्या आठवड्याला पाळी आमची होती. पुणेकर हरला होता. त्याने दाराच्या मुठीची पाटी स्वतः काढली आणि म्हणाला, "ही आता माझी. वर्षभर. ठरलंय तसं."

मी पाटी त्याच्या हातातनं घेतली आणि परत आमच्या मुठीला अडकवली. म्हटलं, मी शब्द मागे घेतलाय, व्हिडिओ तूच काढलास. मागे घेतलेल्या शब्दावर जिंकता येत नाही. आणि हे काम काही दंड नाही, की हरलेल्याने करावं.

"मग काय करू मी, काका?"

"तो ठिपका दाखव."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने फोन काढला, बोटीचं नाव टाकलं. ठिपका नव्हता. तो म्हणाला, तिथे सिग्नल बंद ठेवतात, काका, काळजीचं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे ते. खोलीत टीव्हीवर अमेरिकेत लोक नाचत होते आणि आमचे लोक पेढे खात होते. तो फोन हातात धरून बसून राहिला, ठिपका नसलेला नकाशा बघत. मिठाईही खाल्ली नाही. पण त्याने माझा राग गेला असं कोणी समजू नये.

लढाई बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. बोट मात्र गेली. काही दिवसांनी ठिपका पलीकडच्या पाण्यात उगवला, हिरवा, जसाच्या तसा. नातीने शाळेतनं आल्यावर बघून सांगितलं. मी विशाखापट्टणच्या त्या पोराच्या बापाला ओळखत नाही, पण त्यालाही कोणीतरी दाखवला असेल ठिपका.

धाकट्याचा फोन आला तेव्हा तो घरी होता, कोकणात, एकटा. पगार गेला होता आणि धक्क्यावर लोक चिडवत होते.

"बोट पोचली," तो म्हणाला. "कोणाला खरचटलं नाही. तुम्ही म्हणालात तो माणूसही आला. लढाई चालू राहिली म्हणून काय बिघडलं? मग मी का उतरलो, बाबा?"

"मी उतर म्हटलं म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"हेच उत्तर आहे. परत विचारलंस तर परत हेच देईन."

त्याने फोन आपटला. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पोचली म्हणजे पोचणारच होती, असं त्याला वाटतं. वाटू दे. त्याला एवढं ओरडून बोलता येतंय, ते मी ऐकून घेतो. फोन ठेवून मी खाली गेलो. गाडी येऊन गेली होती, म्हातारी एकटीच फरशीवर पाणी टाकत होती. मी तिच्या हातातनं झाडू घेतला.